नेमलेला समय आणि दूरचा वाटसरू

(मननासाठी शास्त्रभाग : यिर्मया ८:४-७, गणना ९:६-१३)



यिर्मया संदेष्ट्याच्या द्वारे परमेश्वराने आपल्या लोकांना लाजविले, तेव्हा त्याने कोणा राजाचे किंवा पंडिताचे उदाहरण घेतले नाही, पाखरांचे घेतले. आकाशातून दूरदेशी जाणारी पाखरे आपल्या जाण्यायेण्याची वेळ ओळखून असतात, आणि ज्यांस देवाने आपले म्हटले तेच त्याची रीत ओळखीत नाहीत, असा त्या वचनाचा आशय आहे. या वचनावर आम्ही अनेक वेळा उपदेश केला आहे. परंतु आमचा उपदेश अर्धाच होता, हे आम्हांस एका वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतर कळले. ते कसे कळले, हे आज आपणांपुढे मांडावे असे आम्ही योजिले आहे.

त्या वर्षी उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पैठणास गेलो होतो. पैठण हे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्यातील गोदाकाठचे प्राचीन नगर. तेथे गोदावरीस जायकवाडीचे धरण बांधले आहे. या धरणाची कोनशिला १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाची भिंत सुमारे १० किलोमीटर लांब असून तीस २७ दरवाजे आहेत. मागे जो जलाशय साठला त्यास संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात, आणि धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. या पाण्याखाली अनेक गावांची शिवारे व घरे गेली. ज्यांच्या त्यागावर आपली शेते भिजतात त्यांचे स्मरण करणे हा आपला धर्म आहे. १९८६ साली सरकारने हा जलाशय पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केला. आपल्या वाचकांपैकी पैठण व गंगापूरकडील मंडळी या काठावर, आणि शेवगाव व नेवाशाकडील मंडळी त्या काठावर राहतात. तेव्हा आम्ही सांगतो ते पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेले असेल.

फाल्गुन सरत आला म्हणजे नाथसागराचे पाणी मागे हटू लागते. शेतकऱ्यास ते पाहून चिंता वाटते. परंतु पाणी जसजसे हटते तसतशी ओल्या गाळाची नवी पट्टी उघडी पडते. काही ठिकाणी माणसे तेथे गाळपेर करतात, आणि जेथे गाळ मोकळा राहतो तेथे पाखरांची पंगत बसते. त्या सकाळी आम्ही काठावर उभे राहिलो तेव्हा सारा काठ हलतो आहे असा भास झाला. नीट पाहता ती पाखरे होती. आखूड चोचीचा चिखल्या चार पावले धावे, थांबे, आणि वर दिसेल तो किडा टिपी. इवलासा टिलवा वरच्या मऊ गाळात शिलाईच्या यंत्राच्या सुईसारखी चोच चालवी. तुतवार शेपटी हालवीत पाण्याची कड धरून फिरे. लांब चोचीचा पाणटिवळा गुडघाभर पाण्यात उभा राहून खोल चिखलातून अळ्या काढी, आणि लांब तांबड्या पायांचा शेकाट्या त्याहूनही खोल पाण्यात चाले. प्रत्येकाची चोच निराळी, म्हणून प्रत्येकाचे ताटही निराळे. एकाच चिखलात हजारोंचे पोट भरत होते, आणि दुसऱ्याचा घास हिरावण्याची कोणास फारशी गरज पडत नव्हती.

यांतला शेकाट्या आपल्याच देशात घरटे करतो. परंतु टिलवा व पाणटिवळा हे दूरचे वाटसरू आहेत. ते भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे येतात आणि चैत्र-वैशाखात परत जातात. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली; तिने १९२७ पासून पाखरांच्या पायांत कडी घालून त्यांच्या वाटा शोधण्याचे काम आरंभिले. त्याच सोसायटीत ज्यांनी आयुष्य वेचले त्या डॉ. सलीम अलींचे (१८९६-१९८७) नाव संभाजीनगर शहरातील दिल्ली दरवाजाजवळच्या सरोवरास दिलेले आहे. अशा परिश्रमांतून कळले आहे की, टिलवा उत्तर ध्रुवाजवळच्या सायबेरिया आदी प्रदेशांत अंडी घालतो. पैठणापासून ती भूमी पाच-सहा हजार किलोमीटर दूर आहे, आणि टिलव्याचे वजन अवघे २५ ते ३० ग्रॅम, मूठभर ज्वारीहून जास्त नव्हे.

बंधूंनो, ही पाखरे जाण्याची तयारी कशी करतात ते ऐका. निघण्याच्या आधीच्या आठवड्यांत ती अखंड खात राहतात आणि कातडीखाली चरबी साठवितात. लांब पल्ला एका दमात उडून जाणाऱ्या काही पाखरांचे वजन या काळात जवळजवळ दुप्पट होते. जुना करडा पिसारा गळून नवा येतो. पाणटिवळ्याची मान व छाती विटेसारखी तांबूस होते. आणि त्याच्या भाऊबंदांपैकी एका जातीत तर शास्त्रज्ञांना असे आढळले की, उड्डाणापूर्वी पोटातील पचनाची इंद्रियेसुद्धा आकसून लहान होतात. कारण हवेत असताना खाणे नाही, मग ते ओझे कशाला वाहावे? याच जातीच्या अवघ्या पाच महिन्यांच्या एका पाखराच्या अंगावर छोटेसे यंत्र बसविले होते. ते २०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या उत्तर टोकाकडील अलास्कातून निघाले आणि ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर उतरले. वाटेत ते कोठेही विसावले नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात ओझे टाकून धावण्याचा जो बोध आहे, तो या पाखराच्या देहातच जणू लिहिलेला आहे.

आणि निघण्याची वेळ त्यांस कोण सांगतो? त्यांच्या अंगी वर्षाचे एक घड्याळ सृष्टिकर्त्याने बसविले आहे, आणि दिवस मोठा होऊ लागला की ते घड्याळ जुळते. सूर्य, तारे व पृथ्वीची चुंबकशक्ती यांवरून त्यांस दिशा कळते. उत्तरेस बर्फ वितळून किडामुंगीचा जो सुकाळ होतो तो थोड्याच आठवड्यांचा असतो. त्या सुमारास पिल्ले अंड्यांबाहेर आली नाहीत तर त्यांची उपासमार होते. म्हणून वेळ चुकविणे हे तेथे मरणासारखे आहे. परतीचा प्रवास तर याहून अद्भुत. मोठी पाखरे बहुधा आधी निघतात आणि पोरे मागून येतात. ज्यांनी हा देश कधी पाहिला नाही ती पोरे, आईबाप सोबत नसता, ज्या वाटेने कधी गेली नाहीत त्या वाटेने दक्षिणेच्या चिखलांवर येऊन उतरतात.

इतके पाहून आम्ही घरी आलो, आणि पुनरुत्थानाच्या सणाचा उपदेश लिहिला. यिर्मयाचे वचन घेऊन आम्ही मंडळीस विचारले की, मूठभर ज्वारीएवढे पाखरू देवाची वेळ पाळते, मग तुम्हांस का पाळता येऊ नये? मंदिरातील कितीतरी जागा त्या दिवशी रिकाम्या होत्या, त्यांकडे पाहून आम्ही हे बोललो. ज्यांच्या त्या जागा ते ऊसतोडीस गेले होते.

ऊसतोडीची हकीकत आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. दसरा-दिवाळीनंतर मुकादम गाड्या घेऊन येतो. त्याची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. लेकरे, शेळ्या, भांडीकुंडी गाडीत भरून माणसे साखर कारखान्यांकडे जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, उसाच्या पाचटाच्या खोपीत राहतात. नाथसागरावर पाखरे येऊन स्थिरावतात त्या सुमारास आपली माणसे गाव सोडतात, आणि पाखरे जाऊ लागतात त्या सुमारास ती परत येतात. एकाच काठावरचे हे दोन वाटसरू. परंतु त्यांची आम्ही कधी एकत्र गणना केली नव्हती.

सणानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात गाड्या परतल्या. एक तरुण भगिनी, हातांस उसाच्या पात्यांनी पडलेले ओरखडे अजून भरले नव्हते अशी, चार महिन्यांचे मूल पदराखाली घेऊन आमच्या दारी आली. मूल फडातच जन्मले होते. ती म्हणाली, "पाळकसाहेब, लेकराचा बाप्तिस्मा करायचा आहे." आम्ही वही पाहिली. आमच्या मंडळीत बाप्तिस्मे वर्षातून दोन वेळा होत, पुनरुत्थानाच्या सणास व नाताळात. आम्ही तीस सांगितले, "बाई, तुम्हांस उशीर झाला. आता नाताळात आणा." ती थोडा वेळ उभी राहिली, आणि खाली पाहत म्हणाली, "नाताळात आम्ही फडात असतो, साहेब. ईस्टरलाबी फडातच असतो. मग लेकराला देवाच्या घरात आणायचं तरी कधी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरेच विचारीत होती. आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते.

ती गेल्यावर आम्ही दिवा लावून शास्त्र उघडले. प्रथम यिर्मयाचाच अध्याय पुन्हा वाचला, आणि चौथ्या वचनापासून वाचला; कारण आधी आम्ही सातवे वचन तेवढे उचलले होते. तेथे देव विचारतो की, पडलेला मनुष्य उठत नाही काय, आणि वाट चुकलेला परत फिरत नाही काय? म्हणजे संदेष्ट्याचे दुःख लोक उशिरा आले याचे नव्हते. ते परत फिरण्यास राजीच नाहीत याचे होते. आणि आमच्या दारी आलेली ती भगिनी तर शेकडो मैलांवरून परत फिरून आली होती. गावात उतरल्यावर तिने घराची साफसफाईसुद्धा आधी केली नाही. मूल घेऊन आधी देवाच्या दारी आली. पाखरासारखी वेळ तीच ओळखत होती. देवाची वेळ न ओळखणारे लोक, असे संदेष्टा ज्यांस म्हणतो, ते त्या दिवशी वही घेऊन बसलेले आम्ही होतो.

मग आम्हांस गणनेच्या पुस्तकातील नवव्या अध्यायाची आठवण झाली. वल्हांडण सणाचा दिवस परमेश्वराने स्वतः नेमिला होता, पहिल्या महिन्याच्या चौदाव्या तिथीस संध्याकाळी. त्याहून पक्का नेम कोणता? तरी प्रेतस्पर्शामुळे ज्यांस त्या दिवशी सण पाळता आला नाही अशी काही माणसे मोशेकडे आली, आणि आम्हांस का वगळावे, असे त्यांनी विचारले. मोशेने त्यांस झिडकारले नाही. थांबा, मी देवास विचारतो, असे तो म्हणाला. आणि देवाने जे उत्तर दिले त्यात विचारले होते त्याहून अधिक होते. प्रेतस्पर्श झालेल्यांबरोबरच जो कोणी दूरच्या प्रवासात असेल त्यानेही दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या तिथीस सण पाळावा, अशी त्याने आज्ञा दिली. त्या दिवशी प्रवाशांविषयी कोणी विचारलेच नव्हते. देवाने आपण होऊन त्यांची आठवण ठेविली. पुढे हिज्कीया राजाने याच दुसऱ्या महिन्यात सर्व इस्राएलास वल्हांडणास बोलाविले, हे दुसऱ्या इतिहासाच्या तिसाव्या अध्यायात आहे.

बंधूंनो, मोशेने जे केले ते आम्ही केले नाही. आम्ही देवास विचारले नाही, वहीस विचारले.

परंतु त्याच शास्त्रभागाचे शेवटचे वचनही सांगितले पाहिजे, नाही तर हाही उपदेश अर्धा होईल. जो शुद्ध आहे, जो प्रवासात नाही, जो घरी आहे, आणि तरी सण पाळण्याचे टाळतो, त्याने आपले पाप आपल्या माथी वाहावे, असे तेथे स्पष्ट आहे. दुसरा महिना दूरच्या वाटसरूसाठी आहे. मंदिराच्या भिंतीस लागून राहणाऱ्या आळशासाठी नव्हे. जो फडात असतो तो मुकादमाच्या हुकमाने व कारखान्याच्या भोंग्याने बांधलेला असतो. जो गावात असतो आणि प्रभूच्या दिवशी आठवड्याच्या बाजारास जातो, त्यास कोणी बांधले आहे?

वैशाखात आम्ही पुन्हा नाथसागरावर गेलो. ऊन कडक झाले होते, पाणी आणखी मागे गेले होते आणि थवे निघून गेले होते. तरी गाळावर थोडी करड्या रंगाची पाखरे चरताना दिसली. ती मागे का राहिली असतील? जाणकार सांगतात की, अशा जातींतील पहिल्या वर्षाची पुष्कळ पोरे त्या वर्षी उत्तरेस जात नाहीत. इकडेच उन्हाळा काढतात आणि बळ आल्यावर पुढच्या वर्षी जातात. ज्याने जाण्याचा समय नेमिला त्यानेच त्यांचाही समय नेमिला आहे. त्यांच्यासाठी काठ मिटला नव्हता. चिखल ओला होता आणि अन्न होते. आम्ही तेथे बराच वेळ उभे राहिलो आणि आमच्या मंडळीसाठी प्रार्थना केली.

त्या वर्षी पंचांनी सभा घेऊन ठरविले की, शेवटची गाडी गावात आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पुनरुत्थानाची उपासना दुसऱ्यांदा करावी, प्रभुभोजन द्यावे आणि बाप्तिस्मे करावे. त्या रविवारी त्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. आम्ही मंडळीसमोर त्या भगिनीची क्षमा मागितली. तिने आमच्याकडे पाहिले आणि मूल आमच्या हाती दिले.

उपदेशक बंधूंनो, तुम्ही खेड्याखेड्यांत आहा. म्हणून चार गोष्टी तुमच्यापाशी विनंतीपूर्वक मागतो. दसऱ्याच्या सुमारास, गाड्या भरण्यापूर्वी, जाणाऱ्या कुटुंबांस उपासनेत पुढे बोलावून त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. कोण कोणत्या कारखान्याच्या परिसरात जातो हे लिहून ठेवा, आणि तेथून जवळ जी मंडळी असेल तिच्या पाळकांस कळवा. टोळीच्या तळावर संध्याकाळी कोणी एक गीत म्हणावयास व चार वचने वाचावयास आला, तर खोपीतील दिवा मंदिराचा दिवा होईल. लेकरांची शाळा बुडू नये म्हणून आजीआजोबांपाशी किंवा सरकारी हंगामी वसतिगृहात त्यांची सोय लागते काय, हे निघण्याच्या आधी पाहा. गाडी गेल्यावर तो विचार व्यर्थ आहे. आणि माणसे परत येतील तेव्हा प्रथम त्यांची गैरहजेरी मोजू नका. प्रथम त्यांच्या घरी जा.

आणि जे आमचे बंधुभगिनी कोयता घेऊन जातात त्यांस आमचे सांगणे एवढेच की, चिमण्यांपैकी एकही ज्याच्या जाणण्यावाचून भूमीवर पडत नाही तो तुमच्या खोपीस ओळखतो. टिलवा जाण्यापूर्वी अंगात साठवण करतो आणि तिच्याच बळावर अन्नावाचूनचा पल्ला काटतो; तसे तुम्ही गावी आहा तोवर वचन अंतःकरणात साठवा. फडात पुस्तक उघडण्यास उजेड नसेल, परंतु पाठ केलेले वचन अंधारातही वाचता येते. आणि परत याल तेव्हा उशीर झाला या लाजेने दाराबाहेर थांबू नका. दुसरा महिना देवाने तुमच्या नावाने लिहून ठेविला आहे.

आम्हां सर्वांचा प्रभू येशू ख्रिस्त हाही या पृथ्वीवर वाटसरू होता. त्याचा जन्म प्रवासात झाला व त्यास गोठ्यात निजविले. ज्याच्या आईस उतरावयास जागा मिळाली नाही, त्याच्या मंडळीत कोणी मायलेकरे दारावरून परत जाऊ नयेत.

हे आकाशातील बापा, पाखरांस वाट दाखविणाऱ्या, आम्हांस तुझा समय ओळखण्याची बुद्धी दे. जे दूर आहेत त्यांस सांभाळून परत आण, आणि जे जवळ आहेत त्यांची अंतःकरणे आळसापासून व कठोरपणापासून राख. तुझ्या घराचा काठ आम्ही कोणासाठी बंद करू नये, अशी कृपा कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने हे मागतो. आमेन.